दणकट गाडी आणि सेफ गाडी: अठरा वर्षांच्या पोरासाठी जुनी गाडी बघताना होणारी गल्लत

बारावी झाली, अठरा पूर्ण झाले, लायसन्स हातात आलं की घरात हमखास विषय निघतो, एखादी जुनी गाडी बघूया, तीन-साडेतीन लाखात बसणारी, हात साफ होईपर्यंत वापरेल आणि कुठे घासली तरी जीवाला लागणार नाही. मग काका म्हणतात जुनी स्कॉर्पिओ नाहीतर बोलेरो घे, पत्रा बघ कसला आहे, समोरचा चेपेल पण आपल्या पोराला काही होणार नाही. मामा म्हणतात छे, एअरबॅगवाली घे म्हणजे टेन्शन नाही. दोघांनाही काळजी पोराचीच आहे, पण काका दणकट गाडीबद्दल बोलतायत आणि मामांना सेफ गाडी हवी आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बजेट कमी असलं की ह्यांचीच सगळ्यात जास्त गल्लत होते.

(अठरा पूर्ण नसतील तर हा विषयच नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द होतं आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कॉलनीतल्या कॉलनीत चालवू दे एक राऊंड, हे पण नको.)

आता दणकट म्हणजे काय ते बघू. दणकट गाडी खड्ड्यात आपटली तरी सस्पेन्शन बोलत नाही, पाच जण आणि चार पोती घेऊन घाट चढते, पार्किंगमध्ये खांबाला घासली तर खांबच सोलतो, कुठल्याही गावात तिचा मेकॅनिक मिळतो आणि दहा वर्षांनी पण दरवाजा लावला की धप्पकन भरदार आवाज येतो. हे सगळे खरे गुण आहेत, मी ह्यांना कमी लेखत नाही, ज्याला रोज कच्च्या रस्त्याने शेतावर जायचंय त्याला हेच पाहिजे. पण ह्यातला एकही गुण हे सांगत नाही की साठच्या स्पीडला गाडी झाडावर गेली तर आतल्या माणसाच्या छातीचं आणि डोक्याचं काय होईल. सेफ गाडी म्हणजे त्या वेळी आतल्या माणसाला वाचवणारी, आणि त्याच्याही आधी, झाडावर जाऊच न देणारी.

ह्यातला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये (ही गाड्या मुद्दाम आदळवून त्यांना सेफ्टीचे शून्य ते पाच स्टार देणारी आंतरराष्ट्रीय संस्था). २०१४ मध्ये त्यांनी भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवल्या, त्यात फोक्सवॅगन पोलो होती, जिच्या दरवाज्याचं आणि पत्र्याचं आपल्याकडे अजून कौतुक होतं. तिची बॉडी टेस्टमध्ये खरंच स्थिर राहिली, म्हणजे पत्र्याचं कौतुक खोटं नव्हतं, पण एअरबॅग नसलेल्या त्या पोलोला स्टार मिळाले शून्य. मग तीच पोलो दोन एअरबॅग लावून परत टेस्ट केली तर चार स्टार. म्हणजे बॉडी तीच होती, फरक होता तो आतल्या माणसाचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं की एअरबॅगवर, एवढाच. त्यानंतर कंपनीने भारतातल्या सगळ्या पोलोंना दोन एअरबॅग देऊन टाकल्या. आणि काकांच्या यादीतली स्कॉर्पिओ? २०१६ ला तिचं एअरबॅग नसलेलं मॉडेल टेस्ट झालं, तिलाही शून्यच.

पण थांबा, मामा पण पूर्ण बरोबर नाहीत. २०२० मध्ये मारुतीची एस-प्रेसो टेस्ट झाली, तिला ड्रायव्हरची एअरबॅग होती तरी शून्य स्टार, आणि २०१८ च्या स्विफ्टला दोन एअरबॅग असून दोनच स्टार, कारण दोन्हींची बॉडी टेस्टमध्ये अस्थिर ठरली. आतली केबिनच टिकली नाही, पायाजवळचा आणि डॅशबोर्डचा भाग आत घुसायला लागला, तर एअरबॅग एकटी काय करणार. आणि एअरबॅग ही सीटबेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली आहे, ती साधारण ३० मिलिसेकंदात फुगते, बेल्ट नसलेला माणूस तोपर्यंत पुढे फेकला गेलेला असतो आणि ती फुगत असतानाच तिच्यावर आदळतो, त्यात ती वाचवण्याऐवजी इजाच करू शकते.

पत्र्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे चेपली म्हणजे गाडी भिकार. बोनेटचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोल जसा स्वतः दबून डोक्याचा मार कमी करतो तसंच ते काम आहे, पुढचा भाग चुरगळताना धक्का खातो आणि केबिन मात्र ताठ राहायला पाहिजे. दोन्ही पाहिजेत, पुढे मऊ आणि मध्ये कडक. जी गाडी पुढे पण कडक आहे ती धक्का थेट आतल्या माणसापर्यंत पोचवते, बाहेरून बघणारे म्हणतात गाडीला काही झालं नाही बघ, आणि आतल्याच्या बरगड्या मोडलेल्या असतात.

ह्याच गैरसमजातून पुढे बुलगार्ड, म्हणजे बंपरसमोरचे जाड दांडे, लावतात. जुन्या एसयूव्हीला तर हमखास असतं आणि विकणारा ते फुकट ॲक्सेसरी म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच हे क्रॅश गार्ड बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलंय, रस्त्यावरच्या माणसाला तर ते घातक आहेतच पण पुढचा चेपणारा भाग त्यामुळे नीट चेपत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का वेगळाच कळतो. म्हणजे एअरबॅगवाली गाडी घेऊन तिला दणकट करायला गेलं की दोन्ही हातचं गेलं. तुम्ही घेतलेल्या गाडीला असेल तर पहिल्याच दिवशी काढा.

वजनाचं काय, हा प्रश्न काका विचारणारच, आणि त्यात तथ्य आहे. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्यांना कमी लागतं, हे फिजिक्स आहे. पण नवशिका पोरगा नेहमी दुसऱ्या गाडीवरच धडकतो असं नाही, तो वळणावर स्पीड न आवरल्याने डिव्हायडरवर, झाडावर, नाहीतर रात्री बिनदिव्याच्या उभ्या ट्रकवर जातो, आणि तिथे गाडीचं वजन त्याच्या मदतीला येत नाही, ती सगळी ताकद त्याच्याच गाडीला पचवायची असते. त्यातून साठचे ऐंशी झाले की ती ताकद पावणेदोन पटीच्या वर जाते. शिवाय जुनी उंच एसयूव्ही, समोर अचानक कुत्रं आलं आणि पोराने गच्चकन स्टिअरिंग फिरवलं की पलटायचा धोका लहान बसक्या गाडीपेक्षा जास्त. अनुभवी माणूस अशा वेळी ब्रेक मारतो, नवीन माणूस स्टिअरिंग फिरवतो, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिली गाडी उंच आणि जड नसावी.

आणि म्हणूनच मला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) एअरबॅगइतकंच महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्यात एबीएस नसलेल्या गाडीला घाबरून पूर्ण ब्रेक मारला की चाकं लॉक होतात, गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग कितीही फिरवा. एबीएस असेल तर पूर्ण ब्रेक दाबून ठेवून सुद्धा वळवता येते. फक्त पोराला हे आधी मोकळ्या मैदानात करून दाखवा, पायाखाली पेडल कटकट कटकट थरथरतं, माहीत नसेल तर घाबरून पाय काढतात.

मग जुन्या बाजारात हे सगळं शोधायचं कसं, तर आधी तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून नवीन विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारला एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हर एअरबॅग, ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना पण सरकारी क्रॅश टेस्ट पास व्हायला लागली (ओम्नी त्यातच बंद झाली), आणि शेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्यांना. म्हणजे ऑक्टोबर २०१९ नंतर बनलेली गाडी बजेटमध्ये बसली तर निदान पाया पक्का आहे. इथे बनलेली म्हणजे बनलेलीच, पासिंग नंतरचं असू शकतं, आरसीवर मॅन्युफॅक्चरिंगचा महिना आणि वर्ष वेगळं दिलेलं असतं ते वाचा.

त्याआधीची घ्यायची असेल तर सगळा खेळ व्हेरियंटचा आहे. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, एकीत दोन एअरबॅग आणि एबीएस, दुसरीत काहीच नाही, आणि विकणारा दोन्हींना टॉप मॉडेल म्हणतो. म्हणून मला ज्या गाड्यांना बेस मॉडेलपासून हे दोन्ही होतं त्या आवडतात, २०१५ ला आलेली बलेनो, २०१७ ला आलेली इग्निस आणि त्याच वर्षीची नवीन डिझायर ह्यात व्हेरियंट बघत बसायला नको. पण बेसपासून एअरबॅग असणं वेगळं आणि टेस्टमध्ये बॉडी टिकणं वेगळं, हे वर स्विफ्टमध्ये बघितलंच. जुन्यातली टोयोटा इटिओस पण बघा, २०१६ च्या टेस्टमध्ये दोन एअरबॅगसह तिला चार स्टार होते, दिसायला साधी म्हणून पोरं नाक मुरडतात, मला मात्र पहिल्या गाडीसाठी ती फार योग्य वाटते. २०१४ नंतरची पोलो उत्तमच, फक्त सर्व्हिस आणि पार्टचा खर्च मारुतीच्या मानाने जास्त धरून चाला, आणि तिचं एबीएस व्हेरियंटनुसार तपासा.

आता प्रत्यक्ष गाडीजवळ गेल्यावर. चावी फिरवा पण स्टार्ट करू नका, डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा (बसलेल्या माणसासमोर गोळा असं चित्र असतं) लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर सिस्टीममध्ये बिघाड आहे. पण लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, एकदा फुगलेली एअरबॅग परत बसवायला खूप खर्च येतो, म्हणून काही जण नुसतं कव्हर बसवून दिव्याची वायर काढून टाकतात. मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. जुनी होंडा बघत असाल, सिटी किंवा जॅझ, तर ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (गाड्या परत बोलावून त्या बदलून देणं) झाला होता, चॅसिस नंबरवरून ते काम झालंय का हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

मग बॉडी. पुढचा दरवाजा उघडा आणि मधल्या पिलरवरची (दोन दरवाज्यांमधल्या खांबावरची) रबराची बीडिंग हाताने थोडी ओढून बाजूला करा. खाली पत्र्याच्या कडेला ठराविक अंतरावर छोटे गोल खळगे दिसतील, ते कंपनीचे स्पॉट वेल्डिंग. ते सारखे आणि स्वच्छ असतील तर छान. खळगे गायब आहेत, तिथे जाडसर वेल्डिंगची रेघ आहे किंवा लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलंय, तर पिलर कापून जोडलाय, आणि क्रॅशमध्ये ताठ राहायचं काम त्याच पिलरचं होतं. अशी गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी सोडा. बोनेटच्या आत हेडलाइटमागचे ॲप्रन (दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) पण असेच बघा. बंपर बदललाय, दरवाज्याला रंग मारलाय, ह्याने घाबरू नका, नवशिक्याकडे जाऊन परत तेच होणार आहे.

तसंच प्रत्येक सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ किंवा मळकट डाग दिसला तर गाडी पाण्यात गेली होती. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आणि २०२१ ला चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय, आणि अशा गाड्या धुवून-पुसून लांबच्या शहरात जाऊन विकल्या जाऊ शकतात. एअरबॅगच्या कनेक्टरला आणि एबीएसच्या युनिटला गंज लागतो तो आत, बाहेरून गाडी चकाचक.

मागचे बेल्ट पण ओढा, सीट कव्हरखाली खुपसून टाकलेले असतात. पोरगा मित्रांना घेऊन फिरणार, तीन जण मागे बसणार. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा ते मर्सिडीजसारख्या गाडीत मागच्या सीटवर होते, पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेल्ट लावलेला नव्हता, आणि पुढचे दोघं वाचले.

सगळे पैसे गाडीतच घालू नका, तीन लाख असतील तर पावणेतीनची गाडी बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर एबीएसला सुद्धा मग पकडायला काही उरत नाही. लहान गाडीचे चार नवीन टायर साधारण पंधरा-वीस हजारात बसतात, त्याच वेळी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायचा अर्ज द्या, थर्ड पार्टी कव्हर आपोआप तुमच्याकडे येतं पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर येत नाही, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे तेवढा प्रीमियम वाढून येईल तो आधीच बजेटमध्ये धरा.