छोट्या खोलीसाठी स्पीकर घेताय? आधी भिंतीपासूनची जागा मोजा

आमच्याकडे स्पीकर घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'वूफर किती इंची?', म्हणजे बेस वाजवणारा मोठा गोल भाग केवढा. आमचाही पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'स्पीकर भिंतीपासून किती पुढे ठेवता येतील?' यावर काही जण गोंधळतात, काही जण चक्क वैतागतात. स्पीकर ऐकायला आलो आणि ही माणसं खोलीच्या चौकश्या काय करत बसलीत, असं त्यांना वाटतं. आम्ही हे का विचारतो, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

'बेस फार घुमतो, गाण्याचे शब्दच कळत नाहीत' अशी तक्रार घेऊन आलेल्या जोड्या आम्ही आमच्या खोलीत लावून पाहतो. बहुतेकींमध्ये काहीही दोष निघत नाही. अशाच एका ग्राहकांच्या घरी आम्ही गेलो होतो. साडेसहा इंची वूफरची, पाठीमागे पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असलेली जोडी भिंतीतल्या कपाटाच्या खणात बसवलेली. पोर्ट आणि मागचं प्लायवूड यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर. फळीवर तळहात ठेवला तर ती थरथरत होती. डग्ग्यावरची मींड वर जातेय की खाली येतेय ते कळत नव्हतं, नुसता एक जाड गुंजारव. जोडी बाहेर काढून दोन स्टुलांवर, भिंतीपासून अर्धा मीटर पुढे ठेवली. तेच गाणं, तोच अ‍ॅम्प्लिफायर, आवाजही तेवढाच. पण आता गायिकेने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता. अडचण अशी की ती जागा येण्याजाण्याच्या वाटेवर होती, तिथे स्पीकर कायमचे राहणं शक्य नव्हतं. शेवटी आम्ही लहान, बंद खोक्याची (पोर्ट नसलेली) जोडी बदलून दिली. यात त्यांचे तीन आठवडे गेले. खरेदीआधी मोजपट्टी काढली असती तर ते वाचले असते.

यामागचं कारण साधं आहे. बेसच्या लहरी लांब असतात. १०० हर्ट्झच्या सुराची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटरची. एवढ्या लहरीला स्पीकरचं छोटं खोकं अडवू शकत नाही. ती वळसा घालून मागे जाते, भिंतीवरून परतते आणि समोरच्या आवाजात मिसळते. जवळ एक भिंत असली की अगदी खालच्या सुरांत ६ डेसिबेलपर्यंत भर पडते. कोपऱ्यात दुसरी भिंत भेटली की आणखी जवळपास तेवढीच.

शिवाय प्रत्येक खोलीचा स्वतःचा एक सूर असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; त्या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. खोली साडेतीन मीटरची असेल तर उत्तर येतं ४९ हर्ट्झ. चार तारांच्या बेस गिटारवर सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर नेमका इथे पडतो. तो वाजला की खोली भरून येते, पुढचे-मागचे सूर मात्र बेताचेच राहतात. घरी करून पाहा: बेस भरपूर असलेलं गाणं लावून आधी खोलीच्या मधोमध उभे राहा, मग मागच्या भिंतीला पाठ टेकवा. जणू स्पीकरच बदलले असं वाटेल. म्हणून बसायची जागा भिंतीला चिकटलेली असेल तर नवीन काही घेण्याआधी ती फूटभर पुढे ओढून ऐका.

पोर्ट पुढे असला की स्पीकर भिंतीला लावला तरी चालतो, हा समज फार पसरला आहे. मागच्या पोर्टला हवा ये-जा करायला जागा लागते, हे खरं, आणि पुढच्या पोर्टने ती अडचण सुटते. पण वळसा घालून मागे जाणारी लहर पोर्ट कुठे आहे ते पाहत नाही. भिंतीची भर दोन्हींत पडतेच.

जागा अगदी कमी असेल तर आम्ही बंद खोक्याकडे वळायला सांगतो. पोर्टवाल्या स्पीकरचा बेस एका मर्यादेपर्यंत टिकतो आणि तिथून दर सप्तकाला २४ डेसिबेलने कोसळतो. बंद खोक्यात उतार लवकर सुरू होतो, पण तो १२ डेसिबेलचा असतो. भिंतीची भर त्या उतारावर नेमकी बसते. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसारख्या अरुंद जागांसाठी एलएस ३/५ए हा स्पीकर तयार केला, तोही छोटा, पाच इंची वूफरचा आणि बंद खोक्याचाच. त्या घाटाचे स्पीकर आजही बनतात आणि माणसाच्या आवाजासाठी ऐकले जातात. खोकं लहान, बेस खोल आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत. छोट्या खोलीत यातलं तिसरं सोडून देणं सगळ्यात सोपं.

त्यामुळे वॉटची फार काळजी करू नका. दोन मीटरवर बसून रोजच्या आवाजात ऐकताना साधारण ८६ डेसिबेल संवेदनशीलतेच्या (एका वॉटला एका मीटरवर मिळणारा आवाज) जोडीला एखाद-दुसरा वॉट पुरतो. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग, मात्र कानाच्या उंचीला हवा. बहुतेक छोट्या स्पीकरना त्यासाठी ६० सेंटिमीटरच्या आसपासचा स्टँड लागतो आणि तो आम्ही आग्रहाने सुचवतो. यात आमची विक्री होते हे उघड आहे, पण महागडी जोडी टेबलावर ठेवण्यापेक्षा मधली जोडी स्टँडवर ठेवलेली चांगली वाजते, हे आम्ही तुमच्यासमोर वाजवून दाखवू. आणि बेस अचानक पातळ झाला, गायक मधोमध न वाटता खोलीभर पसरला, तर आम्हाला फोन करण्याआधी दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी तपासा. एका बाजूची उलटी लागलेली असते.

येताना खोलीचं हाताने काढलेलं रेखाचित्र आणा: लांबी, रुंदी, उंची, दारं-खिडक्या, तुम्ही बसता ती जागा आणि स्पीकरची जागा भिंतीपासून सेंटिमीटरमध्ये. त्यावरून आम्ही दोनच जोड्या निवडून देऊ. त्यातली आवडेल ती दोन रात्री घरी नेऊन तुमच्याच खोलीत, तुमच्याच गाण्यांवर ऐका. पोर्टवाली जोडी नेलीत तर पॅकिंगच्या खोक्यात फोमचे दोन बोळे मिळतील. बेस जड वाटला तर ते पोर्टमध्ये बसवून पाहा आणि जोडी परत करताना ते आठवणीने आणा, दर वेळी एखादा कुणाच्या तरी घरी राहतोच.