बंद फ्लॅटमध्ये पिसवा आल्या कुठून?

मे महिन्यात आम्ही सगळे तीन आठवडे कोकणात गावी होतो, बंड्यासकट. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, जातबित विचारू नका, सोसायटीच्या गेटवरचाच आहे. पुण्यातला फ्लॅट कुलूप लावून बंद, चावी शेजारच्या काकूंकडे, झाडांना पाणी घालायला त्या फक्त बाल्कनीपर्यंत जायच्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत आलो, पाऊस सुरू झालेला, दार उघडलं, बॅगा टेकवल्या, पंखा लावला आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे पाय खाजायला लागले. मला आधी वाटलं डास असतील, पण आईने घोट्यावरचे तीन-चार ओळीने उठलेले लाल ठिपके बघितले आणि म्हणाली, "अरे पिसवा आहेत या, आमच्या लहानपणी गोठ्यात गेलं की अश्याच चावायच्या."

मी पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. मोज्यांवर तेवीस. मोजल्या मी, चिकटपट्टीने एकेक उचलून.

आता गंमत अशी की बंड्या तीन आठवडे घरात नव्हता, आम्ही नव्हतो, रक्त प्यायला कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. मग या जगल्या कश्यावर? याचं उत्तर शोधताना जे कळलं ते आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे आणि एक भांडण वाचलं असतं.

आपल्याला जी दिसते, उड्या मारते, ती मोठी झालेली पिसू. दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, पंख नाहीत, आणि अंगाने दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, म्हणून केसांतून सुळकन सरकते आणि बोटात धरली तरी सहज मरत नाही. जगभर कुत्र्या-मांजरांवर सगळ्यात जास्त सापडते ती मांजर-पिसू, टेनोसेफॅलिडिस फेलिस. नावात मांजर असलं तरी तिला कुत्रा आनंदाने चालतो. आपल्याकडच्या कुत्र्यांवर तिचीच एक जवळची बहीणही भरपूर असते. आपल्याला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही, दोघींचं वागणं सारखंच.

लोकांना वाटतं पिसू या कुत्र्यावरून त्या कुत्र्यावर, तिथून सोफ्यावर, सोफ्यावरून माणसावर अशी दिवसभर हिंडत असते. तसं नाही. एकदा कुत्र्याच्या अंगावर चढली की ती बहुतेक तिथेच मुक्काम ठोकते, तिथेच रक्त पिते, तिथेच अंडी घालते, तिथेच मरते. रक्त प्यायची सवय लागल्यावर तिला अंगावरून काढलं तर थोड्या दिवसांत मरते. म्हणजे तुमच्या घोट्याला चावते ती कुत्र्यावरची पिसू नसतेच, ती घरातच नुकती जन्मलेली आणि पहिलं जेवण शोधत असलेली नवी पिसू असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचा सगळा हिशोब उलगडतो.

मादी कुत्र्यावर चढल्यावर काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला. भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी पांढरी, अर्ध्या मिलिमीटरची, आणि उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. कुत्रा जिथे जिथे बसतो, लोळतो, अंग झटकतो, तिथे तिथे मीठ भुरभुरल्यासारखी अंडी पडत जातात. आमच्या बंड्याचं आवडतं ठिकाण म्हणजे दिवाणाखाली, आईच्या जुन्या गोधडीवर. कळलं ना.

अंड्यातून दोन ते दहा दिवसांत अळी निघते. पाय नाहीत, डोळे नाहीत, पांढुरकी दोरीसारखी वळवळते आणि उजेडापासून पळते, फटीत, सतरंजीखाली, सोफ्याच्या खोबणीत शिरते. ती चावत नाही, रक्त पीत नाही. मग खाते काय? तर आईबापांची विष्ठा. ऐकायला घाण वाटेल पण निसर्गाची सोय बघा, मादी पिसू रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण पंधरा पट रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं नीट न पचवताच बाहेर टाकते. ते सुकलेले काळे कण अंड्यांबरोबरच खाली पडतात. थोडक्यात आई पोरांना खाली सोडून देते आणि वरून डबा पाठवत राहते.

हेच काळे कण तुमच्या कामाचे आहेत. कुत्रा खाजवतोय पण पिसू दिसत नाही असं असेल तर बारीक दातांच्या फणीने, उवांच्या फणीनेही चालेल, शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या खालच्या भागात विंचरा. निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकून दोन मिनिटं थांबा. माती असेल तर मातकट राहील. पिसवांची घाण असेल तर कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरतो, रक्तच ते. बंड्याचा टिश्यू कुंकू सांडल्यासारखा झाला होता. मांजरांच्या बाबतीत तर ही टेस्ट जास्तच महत्त्वाची, कारण मांजर चाटून चाटून पिसवा गिळून टाकतं आणि आपण म्हणतो, आमच्या मनीला काहीच नाही.

अळी पोटभर खाऊन झाली की स्वतःभोवती रेशमाचा कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ, केस, वाळू सगळं लागतं, म्हणून समोर असला तरी कचऱ्याचा कण वाटतो. आत पिसू आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होते, पण बाहेर यायची घाई करत नाही. बाहेर येऊन जेवण मिळालं नाही तर ती थोड्या दिवसांत मरेल, आत मात्र कित्येक महिने तग धरू शकते. मग ती थांबते. कशासाठी? जमिनीच्या थरथरीसाठी, दाबासाठी, उबेसाठी आणि आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडसाठी. म्हणजे कोणीतरी चालत येतंय या खुणेसाठी. खूण मिळाली की काही सेकंदांत कोष फोडून बाहेर.

आता आमचा बंद फ्लॅट आठवा. तीन आठवड्यांत जेवढी अंडी-अळ्या होत्या त्या सगळ्या वाढून कोषात तयार बसलेल्या. आम्ही दार उघडलं, धाडधाड बॅगा टाकल्या, पाच जणं आणि एक कुत्रा इकडून तिकडे चालायला लागले, आणि सगळ्यांचा गजर एकदमच वाजला.

भांडण झालं ते पेस्ट कंट्रोलवाल्याशी. तो आला, फवारणी केली, चार दिवस शांतता, आणि दहाव्या दिवशी मोज्यांवर परत नऊ. मी फोन करून बरंच ऐकवलं, पाणी मारून गेलात का वगैरे. तो बिचारा म्हणत होता, सर अजून दोन-तीन आठवडे निघतील, घर झाडत-पुसत रहा. मला वाटलं टोलवतोय. पण त्याचंच बरोबर होतं. औषध अळ्यांवर आणि मोठ्या पिसवांवर चालतं, कोषाच्या आत पोचत नाही. घरातल्या सगळ्या पिसवांची जनगणना केली तर साधारण निम्मी अंडी, एक तृतीयांशाहून जास्त अळ्या, दहाएक टक्के कोष आणि मोठ्या पिसवा जेमतेम पाच टक्के असं ढोबळ गणित सांगतात. आपण त्या पाच टक्क्यांच्या मागे लागतो आणि बाकीचे आपल्या हातावर तुरी देतात.

उडीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. एवढासा जीव वीसेक सेंटिमीटर उंच उडतो, म्हणजे स्वतःच्या उंचीच्या शंभर पटीच्या आसपास. स्नायू इतक्या झटक्यात आकसूच शकत नाहीत, म्हणून पिसू आधी सावकाश रेसिलिन नावाचं रबरासारखं प्रोटीन दाबून ठेवते आणि मग एकदम सोडते, आपण बेचकी ताणून सोडतो तसं. हे 1967 मध्ये बेनेट-क्लार्क आणि लूसी या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण जोर गुडघ्यातून लावते की पंज्यातून यावर वाद चालूच राहिला, शेवटी 2011 मध्ये केंब्रिजच्या सटन आणि बरोज यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने साळूसारख्या काटेरी हेजहॉगवरच्या पिसवा शूट केल्या तेव्हा ठरलं, पंज्यातून.

या उडीशी मुंबईचा जुना संबंध आहे. 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, सावित्रीबाई गेल्या त्याच साथीत. उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर झोपड्या बांधायच्या हे लोकांना अनुभवाने कळलं होतं, पण उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा हे डॉक्टरांना कळत नव्हतं. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून सांगितलं की पिसवांमुळे, आणि लोक हसले. मग मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टरने आणि नंतर साथीचा तपास करणाऱ्या प्लेग कमिशनने प्लेगच्या घरांत चक्क गिनीपिग सोडले, त्यांच्यावर पिसवा गोळा झाल्या. पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले तर प्राण्यांना प्लेग व्हायचा, दोन फुटांवर टांगले तर नाही. उडी तेवढी पोचत नाही ना. ती उंदरांवरची पिसू, वेगळ्या जातीची, तेव्हा बंड्याच्या पिसवांनी प्लेग होईल म्हणून घाबरू नका. पण पिसवा घोट्यालाच का चावतात आणि माझे पांढरे मोजे म्हणजे खरं तर काय होते, हे मला तिथे कळलं. मी गिनीपिग होतो.

तर करायचं काय. पहिलं काम प्राण्यावर, आणि घरात जितके कुत्रे-मांजरं आहेत त्या सगळ्यांवर एकाच वेळी. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब असतात, महिन्याला एकदा, आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही, कारण औषध त्वचेच्या तेलातून पसरतं. आता चघळायच्या गोळ्याही मिळतात, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. कोणती द्यायची ते वजन, वय, फिट्स येतात का हे सगळं बघून डॉक्टर ठरवतील. औषध चढवलेला कुत्रा घरात फिरत राहणं हाच खरा उपाय, कारण कोषातून निघालेली पिसू त्याच्यावर उडी मारते आणि अंडी घालायच्या आधी मरते. म्हणून पिसवा आहेत तोवर कुत्र्याला बाहेर ठेवू हे उलटं होतं, मग त्या तुम्हाला चावतात. आणि औषध तीन महिने तरी चुकवायचं नाही, महिन्याभराने खाज थांबली म्हणून मी एकदा ढील दिली होती.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येऊन मरू शकतं. फरशी पुसायच्या काही फिनाईलमध्ये फिनॉल असतं, तेही मांजरांना बाधतं, पंजे चाटतात ना. लसूण खायला घालणं, अंगाला रॉकेल चोळणं, टी ट्री तेल, हे सगळे व्हॉट्सॅपवरचे उपाय प्राण्याला त्रास देतात. अल्ट्रासॉनिक पट्टे म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरं काम घरात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, ओहायोमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये बघितलं तर व्हॅक्यूमने ओढलेल्या मोठ्या पिसवांपैकी 96 टक्के मेल्या, अळ्या आणि कोषातल्या तर सगळ्याच. वर त्या थरथरीने कोषातल्या बाहेर येतात, म्हणजे सापडतात. नसेल तर रोज कोपऱ्यांत, पायपुसण्याखाली, दिवाणाखाली नीट झाडून साबणाच्या पाण्याने पुसा आणि कचरा लगेच बाहेर. गोधड्या, चादरी, कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात. अळीला दमट हवा लागते, निम्म्याहून कमी आर्द्रतेत ती सुकते, म्हणून कडक उन्हात वाळवणं हा आजीचा उपाय एकदम शास्त्रीय. पंचाईत एवढीच की पिसवा जोरात वाढतात पावसाळ्यात, आणि ऊन तेव्हाच नसतं. फवारणी करणार असाल तर ज्यात अळ्यांची वाढ थांबवणारं मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सीफेन आहे ती मागा, आणि माशांची टाकी झाका.

बरं, कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. अळी कृमीची अंडी खाते, तिची पिसू होते, कुत्रा खाजवताना ती गिळतो आणि कृमी पोटात. पिसवांबरोबर जंताचं औषध म्हणूनच देतात. आणि काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते, दोन-चार चावल्या तरी पाठीचे केस जातात, तिथे घरचे प्रयोग नकोत.

आमचे मोज्यांचे आकडे असे गेले: तेवीस, नऊ, मग अकरा (ढील दिली तेव्हा), चार, दोन, आणि ऑगस्टमध्ये सलग पंधरा दिवस शून्य. मग गणपतीच्या आवराआवरीत दाराजवळचं चपलांचं कपाट पहिल्यांदा सरकवलं, त्याच्यामागे वीतभर धूळ आणि बंड्याचा मार्चपासून हरवलेला बॉल. दुसऱ्या दिवशी उजव्या मोज्यावर एक. चिकटपट्टी अजून फ्रीजवरच होती.