'पब्लिक एनिमीज'मागचा खरा डिलिंजर

मायकेल मान यांच्या २००९ च्या 'पब्लिक एनिमीज' या चित्रपटात सुरुवातीलाच अमेरिकन बँक दरोडेखोर जॉन डिलिंजर (जॉनी डेप) इंडियानातल्या मिशिगन सिटीच्या तुरुंगात शिरून साथीदारांना बाहेर काढतो. २६ सप्टेंबर १९३३ ला तिथून दहा कैदी पळाले, हे खरं. पण त्या दिवशी डिलिंजर स्वतःच ओहायोत अटकेत होता. पिस्तुलं आत पोहोचवण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. पळालेल्यांपैकी काही जणांनी १२ ऑक्टोबरला ओहायोतल्या लायमाच्या कोठडीतून त्याला सोडवलं. त्यात शेरीफ जेस सार्बर मारले गेले.

या तुरुंगाचं खरं महत्त्व वेगळं आहे. १९२४ मध्ये एका किराणा दुकानदारावर हल्ला करून लुटल्याबद्दल डिलिंजर आत गेला आणि मे १९३३ मध्ये पॅरोलवर सुटला. मधल्या काळात त्याला वॉल्टर डीट्रिच भेटला. हा बँक दरोडेखोर हर्मन लॅमच्या टोळीतला. लॅमची शिस्त अशी: आधी बँकेची टेहळणी करून आतला नकाशा काढायचा, प्रत्येकाला एकच काम नेमून द्यायचं, रंगीत तालीम घ्यायची आणि ठरलेली वेळ संपली की हाती लागेल तेवढं घेऊन निघायचं. पळायच्या रस्त्यावरची वळणं मैलांच्या आकड्यांसह टिपून तो कागद ड्रायव्हरसमोर लावलेला असे.

एवढं करूनही डिसेंबर १९३० मध्ये इंडियानातल्या क्लिंटनला सगळं फसलं. बंदूक घेऊन येणारा माणूस पाहून ड्रायव्हर घाबरला, घाईत गाडी वळवताना ती फुटपाथच्या कडेवर आदळली आणि टायर फुटला. पुढे हिसकावलेल्या एका गाडीला वेग रोखणारं यंत्र बसवलेलं होतं, म्हणे! ती ताशी ३५ मैलांच्या वर जाईना. लॅम मेला, डीट्रिच जन्मठेपेवर मिशिगन सिटीत आला आणि ही विद्या डिलिंजरपर्यंत पोहोचली.

चित्रपटात केंद्रीय तपास अधिकारी मेल्विन पर्व्हिसचा पाठलाग सुरुवातीपासून रंगतो. प्रत्यक्षात बँक लुटणं तेव्हा केंद्राचा गुन्हाच नव्हता. ३ मार्च १९३४ ला इंडियानातल्या क्राऊन पॉइंटच्या तुरुंगातून पळताना डिलिंजरने शेरीफ लिलियन हॉली यांची फोर्ड घेतली आणि ती इलिनॉयमध्ये नेली. चोरीची गाडी राज्याची हद्द ओलांडून नेणं १९१९ च्या कायद्याने केंद्राचा गुन्हा होता. सरकारी माणसांना हवं ते कलम तिथे मिळालं. बँक दरोड्याचा केंद्रीय कायदा आला १८ मे १९३४ ला.

मान यांनी क्राऊन पॉइंटचा तुरुंग आणि डिलिंजर टोळीची सरकारी माणसांशी चकमक झाली ते विस्कॉन्सिनमधलं लिटल बोहेमिया लॉज या मूळ जागीच चित्रीकरण केलं. जागांबाबत एवढा काटेकोरपणा, आणि मृत्यूंचा क्रम मात्र खुशाल उलटा. डिलिंजर २२ जुलै १९३४ ला शिकागोच्या बायोग्राफ थिएटरबाहेर मारला गेला. त्या काळचे दुसरे दोन दरोडेखोर नंतर गेले: प्रिटी बॉय फ्लॉइड ऑक्टोबरात, बेबी फेस नेल्सन नोव्हेंबरात. चित्रपटात दोघंही त्याच्या आधी जातात. नाट्यासाठी ठीक असेल, पण त्यामुळे पर्व्हिसच्या खात्यावर आधीच दोन विजय जमा होतात.

हा विषय पडद्यावर यायलाही वेळ लागला. हॉलिवूडच्या निर्माता संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी १९३४ मध्येच डिलिंजरवर चित्रपट काढायला मनाई केली होती. मोनोग्राम या छोट्या कंपनीने तो १९४५ मध्ये काढला. लॉरेन्स टियर्नी नायक, बजेट तुटपुंजं. एका दरोड्याची दृश्यं तर फ्रिट्झ लांगच्या जुन्या चित्रपटातून उचललेली. पटकथेला मात्र ऑस्करचं नामांकन मिळालं.