काफिरिस्तान : सिकंदराच्या वारसांचा शोध

पेशवाई बुडवणारा रेसिडेंट म्हणून एल्फिन्स्टन आपल्या ओळखीचा. त्याआधी, १८०९ मध्ये, तो कंपनीचा वकील म्हणून काबूलच्या शाह शुजाला भेटायला पेशावरला गेला होता. हिंदुकुशच्या दऱ्यांत गोरे, दारू पिणारे, लाकडी मूर्ती पुजणारे लोक राहतात, असं तिथे त्याच्या कानावर आलं. ‘काफिर’ हे त्यांना मुसलमान शेजाऱ्यांनी दिलेलं नाव, म्हणून मुलूख काफिरिस्तान. सिकंदराची फौज इ.स.पूर्व ३२७ मध्ये याच मुलखाच्या कडेने गेलेली. मग हे ग्रीकांचेच वंशज असणार! ग्रीक-लॅटिन घोकून आलेल्या साहेबांना हा तर्क गोड वाटला नसता तरच नवल.

एल्फिन्स्टनने मुल्ला नजीबला तिकडे धाडलं. मुल्ला तिथल्या कामदेश गावापर्यंत जाऊन आला आणि सांगितलं ते असं : तिथल्या बोली संस्कृतच्या जवळच्या आहेत आणि लोक विसांनी मोजतात. (आपल्याकडच्या आज्याही ‘दोन विसा’ म्हणायच्या.) मुख्य देव इम्रा, अभ्यासक या नावाचं मूळ ‘यमराज’मध्ये शोधतात. १८१५ मध्ये हा वृत्तांत छापला गेला तेव्हा एल्फिन्स्टन पुण्यात होता.

म्हणजे उत्तराचा धागा तेव्हाच हाती आला होता. तरी सिकंदर काही सुटला नाही. हे लोक मांडी न घालता स्टुलावर बसतात, एवढ्यावरूनही त्यांचं युरोपशी नातं जोडलं गेलं. १८८३ मध्ये सर्वेक्षण खात्याचा मॅकनेअर हकिमाच्या वेषात त्या बाजूला गेला. रशियाची धास्ती होती, त्यामुळे कुतूहलामागे नकाशाही होता. १८९० पासून वर्षभर कामदेशात राहिलेल्या रॉबर्टसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र, हे पूर्व अफगाणिस्तानातल्या जुन्या भारतीय वस्तीचे, धर्मांतर टाळून डोंगरात शिरलेले लोक, असं मत मांडलं.

१८९३ च्या ड्युरँड कराराने ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यातली सीमा ठरली आणि बहुतेक काफिरिस्तान अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमानच्या वाट्याला गेलं. १८९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने ते जिंकलं, लोकांना मुसलमान केलं आणि पुढे मुलखाचं नाव झालं नूरिस्तान. ‘सिकंदराच्या वारसां’साठी साहेबांनी बोटही उचललं नाही.

चित्रालच्या (आता पाकिस्तानात) बाजूचे कलाश नावाचे काफिर तेवढे सीमेच्या अलीकडे, ब्रिटिशांच्या बाजूला राहिले म्हणून त्यांचा जुना धर्म टिकला. आज बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर या खोऱ्यांत ते काही हजारच आहेत. जनुकीय चाचण्यांत ग्रीक रक्ताचा ठोस पुरावा मिळालेला नाही. पण बुंबुरेतमधलं त्यांचं संग्रहालय उभं राहिलं ते ग्रीसहून आलेल्या पैशांतून.