पुडीतला काळा रंग : घरगुती केशकलपाची पार्श्वभूमी

विदर्भातील कोणत्याही मोठ्या गावच्या किराणा दुकानात केस रंगवण्याच्या निदान तीन वस्तू मिळतात. हिरवट भुकटीची साधी मेंदी, दोन भाग एकत्र करून लावायचा क्रीम डाय, आणि दर्शनी बाजूलाच लटकणाऱ्या ‘काळ्या मेंदी’च्या पुड्या. पहिली वस्तू झाडाची आणि दुसरी केमिकलची, याबद्दल कोणाचा घोळ होत नाही. घोळ होतो तो तिसरीबद्दल. तिच्यासोबत बाटली नाही, डेव्हलपर (रंग उमटवणारे द्रव) नाही, नुसत्या पाण्यात कालवायची असते, म्हणून ती मेंदीच्याच जातीची मानली जाते, आणि डाय आपल्याला सोसत नाही असे सांगणारी माणसेही ती निर्धास्तपणे लावतात. ही समजूत कशी रुजली हे कळण्यासाठी केसांवर काळा रंग चढतो कसा, आणि त्याला लागणारा ऑक्सिजन निरनिराळ्या काळांत माणसाने कोठून मिळवला, हे पाहावे लागते. मेंदीचा तांबूस रंग सोडला, तर घरी केस काळे करण्याचे बहुतेक सगळे उपाय ऑक्सिजनवर चालतात. जुन्या उपायांत तो हवेतून सावकाश मिळे, नव्यांत तो बाटलीतून किंवा पुडीतून चटकन मिळतो.

जुन्या उपायांचा एक स्वच्छ पुरावा सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणात आहे. लोखंडी भांड्यात लोहचूर्णासह कोद्रवाचे तांदूळ आंबात, म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्यात, शिजवावेत, बारीक वाटून आंबट केलेल्या केसांवर त्यांचा लेप द्यावा आणि डोके ओल्या पानांनी गुंडाळून ठेवावे. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप लावावा, पुन्हा दोन प्रहर पाने बांधावीत, म्हणजे धुतल्यावर डोके काळे होते, असे तेथे सांगितले आहे. कोद्रव म्हणजे आपल्याकडील कोदो. गडचिरोली-गोंदियाच्या भागात हे धान्य परके नाही. या कृतीत अंधश्रद्धेचा अंशही नाही. आंबामुळे लोखंड विरघळते, विरघळलेले लोह केसांवर बसते, मग आवळ्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, त्या लोहाला भेटते आणि हवेतील ऑक्सिजनच्या संगतीने त्यांचे निळसर काळे संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून पूर्वी लिहिण्याची शाई होत असे, तिचेही रसायन हेच.

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत आवळा, हिरडा, बेहडा हे तिन्ही मिळतात, त्यामुळे या उपायाची सामग्री विदर्भाला कधी बाहेरून आणावी लागली नाही. आजही अनेक घरांत मेंदी रात्रभर लोखंडी कढईत भिजवली जाते, तिच्यात आवळकाठीची पूड आणि उकळलेल्या चहाचे पाणी घातले जाते. सकाळी कढईच्या कडेला भिजवण काळे पडलेले दिसते आणि बोट लावले तर नखाच्या कडेत ती रेघ दोन दिवस टिकते. कढई लोखंडीच का, स्टीलची का नाही, याचे उत्तर ‘रंग चांगला येतो’ एवढेच दिले जाते, आणि ते बरोबरच आहे, कारण स्टेनलेस स्टीलमधून लोह तेवढे सुटत नाही. माक्याच्या रसात उकळलेल्या तेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते केसांना मऊ ठेवते आणि वरून थोडी काळसर छटाही देऊ शकते, पण पांढरा केस तेवढ्याने रंगत नाही. आयुर्वेदात पलितावर, म्हणजे अकाली पिकलेल्या केसांवर, माका सांगितला आहे हे खरे. रंगवणे हे मात्र निराळे काम आहे.

मेंदीच्या रंगाला लोखंड लागत नाही. तिच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. पाने वाटून किंचित आंबट पाण्यात भिजवली की ते मोकळे होते आणि केसांतील केराटिन या प्रथिनाला थेट चिकटते. हा रंग पक्का असतो, पण त्याची जात तांबूस-केशरी आहे. पांढऱ्या केसावर शुद्ध मेंदी कितीही वेळ ठेवली, तरी केस काळा होत नाही. काळ्यापांढऱ्या केसांत पांढरे तेवढे तांबडे दिसू लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मिशांना आणि दाढीला दिसणारा तांबूस रंग तो हाच, आणि तो लपवण्याचा प्रयत्न कोणी करीत नसे. घराच्या कुंपणाला मेंदी असे, श्रावणात सणावारी मुलींच्या हातांसाठी तिचीच पाने खुडली जात आणि उरलेला गोळा आजीच्या केसांना लागे. हल्ली बाजारातील पुष्कळशी मेंदी राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतची असते. तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

वनस्पतींच्या बळावर खरोखर काळा रंग मिळवायचा, तर मेंदीनंतर निळीची पाने लावावी लागतात. निळीच्या पानात रंग नसतो, रंगाचे पूर्वद्रव्य असते. पाने भिजली की ते फुटते आणि हवेतील ऑक्सिजन लागून त्याची निळ होते. म्हणून निळीची भुकटी मेंदीसारखी रात्रभर भिजवून चालत नाही, कालवल्यावर लवकरच लावावी लागते. उशीर केला तर निळ केसांत होण्याऐवजी भांड्यातच होऊन बसते. मेंदीच्या तांबड्यावर निळा चढला की काळपट तपकिरी ते काळा रंग येतो. या दोन टप्प्यांना मिळून अर्धा दिवस जातो आणि डोके धुवायला बादल्यांमागून बादल्या पाणी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात किंवा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशेब लहान नाही. मेंदी मागे पडली ती लोकांना केमिकलचे आकर्षण वाटले म्हणून, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईकडे मोकळा अर्धा दिवस आणि तेवढे पाणी नव्हते, हे कारण त्याहून मोठे आहे.

या जुन्या कृतींची वाट युरोपातील प्रयोगशाळांनी मोडली. 1856 मध्ये विल्यम पर्किन याने डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून जांभळा कृत्रिम रंग बनवला आणि रंगांचा सारा व्यापारच बदलला. मध्यप्रांतात आल या झाडाच्या मुळांपासून कापडाला तांबडा रंग देणारे रंगारी अलिझरीन या जर्मन कृत्रिम तांबड्या रंगापुढे टिकले नाहीत, आणि 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम निळ विक्रीला आणल्यावर भारतातील निळीची शेतीही खचली. केसांचा रंग याच घराण्यातून आला. 1863 मध्ये ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन याने पॅरा-फेनिलिनडायअमीन या द्रव्याचे गुण नोंदवले. आज सोयीसाठी त्याला पीपीडी म्हणतात. हे द्रव्य स्वतः काळे नसते, ऑक्सिजन मिळाला की काळे होते. ऑक्सिजन देणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तर त्याही आधी, 1818 मध्ये, फ्रान्सच्या लुई थेनार याने शोधले होते, आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने केसांचा रंग उडवून ते सोनेरी करून दाखवण्यात आले होते. या दोहोंना एकत्र आणून केस रंगवण्याचे पेटंट 1883 मध्ये फ्रान्समध्ये मॉने यांच्या कंपनीने घेतले. पुढे 1907 मध्ये यूजीन श्यूलर या तरुण रसायनज्ञाने असा रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये स्थापन केलेली त्याची कंपनी पुढे लोरिआल म्हणून ओळखली गेली. 1950 मध्ये अमेरिकेत क्लेरॉल कंपनीने एकाच टप्प्यात लावता येणारा रंग आणला, तेव्हापासून हे काम सलूनमधून घराकडे सरकू लागले.

डेव्हलपर म्हणजे हेच हायड्रोजन पेरॉक्साइड, बहुधा 3 ते 12 टक्के तीव्रतेचे. त्याच्या सोबतीला अमोनिया किंवा तत्सम अल्कली असते, तिने केसाचे खवले सैल होतात. पीपीडीचे रेणू इतके लहान असतात की ते केसाच्या आत शिरतात. तेथे पेरॉक्साइडचा ऑक्सिजन मिळून ते रिसॉर्सिनॉलसारख्या जोडीदाराशी जुळतात, त्यांचे मोठे रेणू बनतात आणि मोठे झाल्यामुळे पुन्हा बाहेर निघू शकत नाहीत. लोखंड-आवळ्याचा रंग बव्हंशी केसाच्या वर बसतो म्हणून धुण्याने विटत जातो, हा आतून अडकतो म्हणून पक्का राहतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, तेवढी पांढरी मुळे तेवढी दिसू लागतात.

भारतात गोदरेजने 1974 मध्ये द्रवरूप केशकलप आणला. तो काळ शहरी ग्राहकाचा होता. खेड्यात डाय पोहोचला तो आधी न्हाव्याच्या दुकानातून. दाढी-कटिंगच्या जोडीला ‘डाय मारून’ देण्याची सोय तेथे झाली, आणि लग्नसराईच्या आधी वरबापासकट घरचे पुरुष एकामागून एक त्या खुर्चीत बसू लागले. बायकांसाठी मात्र ती खुर्ची नव्हती. त्यांच्या हाती रंग आला तो पुडीतून. 1983 मध्ये तमिळनाडूतील कडलूर येथून चिक शाम्पू लहान पुडीत विकला जाऊ लागला आणि खेड्यातील ग्राहक बाटली घेत नसला तरी पुडी घेतो, हे साऱ्या बाजाराला कळले. 2012 मध्ये गोदरेजने क्रीम आणि डेव्हलपर हे दोन्ही मोजून भरलेल्या लहान पाकिटांत आणले, तेव्हा मोजमापाची अडचणही संपली.

तरीही खेड्यात भुकटी टिकून राहिली, आणि याचे कारण केवळ किंमत नव्हे. पेरॉक्साइड हे द्रव उष्णतेने आणि उजेडाने कमजोर होत जाते. मे महिन्यात 45 अंशांवर तापणाऱ्या पत्र्याच्या दुकानात त्याची बाटली ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. भुकटीत हा प्रश्न येत नाही, कारण तिच्यात ऑक्सिजन घन रूपात भरलेला असतो. बेरियम पेरॉक्साइड किंवा सोडियम परबोरेट अशी द्रव्ये कोरडी असताना पीपीडीच्या शेजारी गप्प राहतात, आणि पाणी पडले की कामाला लागतात. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य पुड्यांची रचना हीच असते. मेंदीची पूड तिच्यात थोडीफार असते, क्वचित नावापुरतीच. वाटीत पाणी घालून ती ढवळू लागले की करड्या-तपकिरी भुकटीचा लगदा पाहता पाहता गडद होत जातो आणि काही मिनिटांत वाटीच्या काठावर काळा होतो. हा काळेपणा पानातला नाही, तेथे डेव्हलपर आपले काम करीत असतो. डेव्हलपर नसलेला डाय अशी जिची ख्याती, तिच्यात तो आधीच मिसळून ठेवलेला आहे.

याचा फटका बसतो तो त्वचेला. पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असे नाही. वर्षानुवर्षे विनातक्रार लावणाऱ्या माणसाचे कान, कपाळ आणि पापण्या एखाद्या वेळी सुजतात, आणि तेही लावल्यानंतर एकदोन दिवसांनी, त्यामुळे संशय खाण्यावर किंवा किड्यावर जातो. विदर्भात हे समजावून सांगण्यासाठी बिब्ब्यासारखे दुसरे उदाहरण नाही. बिब्बा एकाला उततो, दुसऱ्याला उतत नाही, आणि एकदा उतलेल्याला पुढे जरासा स्पर्शही पुरतो. दोन्हींमागे शरीराची उशिरा उमटणारी तीच प्रतिक्रिया आहे. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून 48 तास वाट पाहायला सांगितलेले असते. हे बहुधा कोणीच करीत नाही, हेही खरे. पोटात गेले तर हेच द्रव्य जिवावर बेतते. जीभ आणि गळा सुजून काही तासांत श्वास कोंडतो, पुढे स्नायू झिजून लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यावर उतारा म्हणून खास औषध नाही, त्यामुळे घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा लागतो. कालवलेला रंग उरलाच, तर तो न्हाणीत वाटीत ठेवण्याची सवय लहान मुलांच्या घरात तरी सोडायला हवी.

भुवया आणि पापण्यांना हा रंग लावू नये, अंधत्व येऊ शकते, ही पुडीवरची सूचना वाचून अनेकांना ती अतिशयोक्ती वाटते. तिच्यामागे घडलेला इतिहास आहे. 1933 च्या सुमारास अमेरिकेत पीपीडी असलेला पापण्यांचा ‘लॅश ल्युअर’ नावाचा रंग विकला जात होता आणि त्याने स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, एकीची दृष्टी गेली. 1938 च्या अमेरिकी कायद्याला अशा प्रकरणांनी बळ दिले. मात्र त्या कायद्याने केसांच्या डांबरजन्य रंगांवर बंदी आणली नाही, इशारा छापण्याच्या अटीवर त्यांना सवलत दिली. भारतातील नियमांनीही इशाऱ्याचाच मार्ग धरला असून, तो इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही छापावा अशी अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात पुडीच्या दर्शनी बाजूवर मेंदीचे पान ठळक असते आणि घटकांची नावे मागे, बारीक इंग्रजी अक्षरांत. चष्मा लावूनही ती वाचता येत नसतील, तर पुडीवर छापलेली वेळ पाहावी. निव्वळ पानांच्या रंगाला तासन्‌तास लागतात आणि एकट्या मेंदीने काळा रंग कधीच येत नाही. जी भुकटी पाण्यात कालवून अर्ध्या तासात पांढरे केस काळे करते, तिच्यात पीपीडी किंवा त्याच्या कुळातील द्रव्य आणि त्याला लागणारा ऑक्सिजन हे दोन्ही असतात, पुडीवर पान कोणतेही छापलेले असो.