ज्याच्यावर बहिष्कार पडला, त्याचेच आडनाव

पाश्चर यांचे नाव पाश्चरायझेशनला मिळाले, कारण ती प्रक्रिया त्यांनी शोधली. ‘बायकॉट’चे उलटे आहे. चार्ल्स कनिंगहॅम बायकॉट याने कोणावरही बहिष्कार टाकला नव्हता. तो त्याच्यावर पडला.

हा नॉरफोकचा इंग्रज. ‘कॅप्टन’ ही पदवी लोकांनीच चिकटवलेली. १८८० साली तो आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता; कुळांकडून खंड वसूल करणे हे त्याचे काम. आदल्या साली पीक बुडाले होते. अर्नने खंडात १० टक्के सूट देऊ केली, कुळांनी २५ टक्के मागितली. ती नाकारून बायकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या.

त्याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘लँड लीग’ या संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी एनिस या आयरिश गावातल्या सभेत एक उपाय सांगितला होता: बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येही संबंध ठेवू नका. मेयोच्या लोकांनी तो थेट कारभाऱ्यावरच चालवला. शेतमजूर निघून गेले, दुकानदारांनी माल देणे थांबवले, लोहार आणि धोबीण यांना काम सोडायला लावले. टपालाची पिशवी नेणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला मारहाण झाल्याचे बायकॉटने ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. म्हणजे लढा नि:शस्त्र असला, तरी धाकदपटशा होताच.

त्या पत्रामुळे प्रकरण लंडनभर गाजले. नोव्हेंबरमध्ये त्याची पिके काढायला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून ५० मजूर आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक व पोलीस. काही शे पौंडांच्या पिकासाठी सरकारचे अंदाजे १०,००० पौंड गेले. सलगमाच्या एकेका गड्ड्याला शिलिंग पडला, असा टोला पार्नेल यांनी हाणला. नोव्हेंबरच्या अखेरीस बायकॉटने मेयो सोडले.

शब्द घडवण्याचे श्रेय फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंना दिले जाते. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदवल्यानुसार, ‘ऑस्ट्रसाइझ’ (वाळीत टाकणे) हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून त्यांनी आडनावच पुढे केले. फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही ते लवकरच उचलले. पुढे रोख माणसांवरून मालाकडे वळला आणि नंतर निवडणुका, परीक्षा, ऑलिंपिकपर्यंत गेला.

बंगालच्या फाळणीच्या घोषणेनंतर, १९०५ साली, हा शब्द याच मालाच्या अर्थाने आपल्याकडे रुजला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला बहिष्कार होता. पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली ती त्याच वर्षी.

मात्र वाळीत टाकणे आपल्याला आयर्लंडकडून शिकावे लागले नव्हते. तिथे दुबळ्यांनी सत्तेची कोंडी केली; इथे जात आणि जातपंचायत हेच हत्यार दुबळ्यांवर चालवत आली. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, ते या अनुभवातून. जातपंचायतींना चाप लावणारा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ मध्ये लागू झाला. दोषीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कायद्याच्या इंग्रजी शीर्षकात लॉर्ड अर्नच्या कारभाऱ्याचे आडनाव आहे.