कन्सोलची ताकद आणि गेम लिहिणाऱ्यांची साथ : पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडीत काय किंवा निपाणीत काय, गेम खेळायचा कन्सोल कुठला भारी, सोनीचा प्लेस्टेशन ५ की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स, हा वाद निघाला की आधी टेराफ्लॉपचे (सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी, याचं माप) आकडे बाहेर येतात. एकाचे १०.२८, दुसऱ्याचे १२. कागदावर निकाल लागलेलाच असतो. पण कागदावरचा निकाल या धंद्यात फारसा टिकलेला नाही.

दूरचा काळ थोडक्यात. १९९६ चा निन्टेन्डो ६४ प्रोसेसरच्या बाबतीत पहिल्या प्लेस्टेशनच्या पुढे होता, पण तो कॅसेटवरच अडून बसला. कॅसेटची मजल ६४ एमबीपर्यंत, सीडीवर साडेसहाशे मावत आणि सीडी छापायला स्वस्त. गेम बनवणारे सीडीकडे गेले. पुढच्या पिढीत पहिला एक्सबॉक्स पीएस-टूपेक्षा ताकदवान होता, तरी पीएस-टू १५ कोटींहून जास्त खपला. आपल्या भागात, नकली डिस्क चालवणारी चिप बसवलेला का होईना, पण तोच पोहोचला.

खरा घोळ २००६ चा. प्लेस्टेशन ३ साठी सेल नावाचा प्रोसेसर निवडला गेला. एक मुख्य कोअर (प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग) आणि भोवती आठ छोटे. त्यातला एक उत्पादनातली नासाडी कमी व्हावी म्हणून बंद, एक कन्सोलच्या स्वतःच्या कामाला राखीव. गेमच्या वाट्याला सहा. प्रत्येक छोट्या कोअरजवळ मेमरी फक्त २५६ केबी, त्यामुळे कुठला डेटा कधी आत घ्यायचा, कधी बाहेर काढायचा, हे प्रोग्रॅमरने हाताने लिहायचं. मुख्य मेमरीही दोन तुकड्यांत, २५६-२५६ एमबी. वर्षभर आधी आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन सारखे कोअर आणि ५१२ एमबी एकत्र. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणालाही हे कळेल : पाच अक्षांची सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कापकामाची मशीन आणली, पण तिचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मिळेना, तर काम शेजारच्या साध्या मशीनवरच आधी उतरतं.

ताकद खोटी होती असं नाही. पेटाफ्लॉपचा, म्हणजे हजार टेराफ्लॉपचा टप्पा ओलांडणाऱ्या पहिल्या महासंगणकात, २००८ मध्ये, सेलचीच सुधारित आवृत्ती होती. पण २००९ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन विभागाच्या प्रमुखाने मुलाखतीत सांगितलं की सोपा कन्सोल आम्ही मुद्दामच देत नाही. सगळी ताकद लगेच वापरून झाली तर उरलेली साडेनऊ वर्षं काय करायचं? हे समर्थन तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं. बाहेरच्या स्टुडिओंना एकच गेम दोन्हीकडे काढायचा असतो. जीटीए ४ या गेमचं चित्र एक्सबॉक्सवर ७२०पी (७२० ओळींचं), प्लेस्टेशन ३ वर ६४०पी. स्कायरिम या गेमची सेव्ह फाइल वाढली की प्लेस्टेशनवर गेम अडखळायचा. कंपनीच्या घरच्या स्टुडिओंनी मात्र अनचार्टेड २ आणि द लास्ट ऑफ अस या गेममध्ये सेल पिळून दाखवला, आणि त्यावरच चाहते आजही भांडतात.

आपल्याकडच्या छोट्या शहरांत निवडीचं आणखी एक कारण होतं, जे कुणी मोठ्याने सांगत नसे. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर बदलून (फ्लॅश करून) नकली डिस्क चालवता येत होत्या. प्लेस्टेशन ३ चं कुलूप २०१० पर्यंत तुटलं नव्हतं आणि ब्लू-रे गेम महाग. त्यामुळे कुठला कन्सोल भारी, यावरच्या इथल्या मतांना त्या डिस्कचाही हातभार आहे.

२०१३ मध्ये बाजू उलटल्या. प्लेस्टेशन ४ ने पीसीसारखा प्रोसेसर आणि ८ जीबी वेगवान एकसंध मेमरी घेतली. एक्सबॉक्स वनमध्ये मेमरी हळू, आणि ती उणीव भरून काढायला ३२ एमबीचा वेगळा कप्पा, जो सांभाळणं पुन्हा गेम लिहिणाऱ्याच्याच गळ्यात. टेराफ्लॉपच्या आकड्यांतही प्लेस्टेशनचे १.८४, एक्सबॉक्सचे १.३१.

आताच्या वादात एक्सबॉक्सचीच चार टेराफ्लॉपची स्वस्त सिरीज एस विसरली जाते. सिरीज एक्सवर येणारा गेम तिच्यावरही चालला पाहिजे, अशी अट आहे. बाल्डर्स गेट ३ हा गेम प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला. सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकच पडदा विभागून दोघांनी खेळणं) बसेना. शेवटी तिच्यापुरती ती सोय वगळायला परवानगी मिळाली आणि डिसेंबरमध्ये गेम एक्सबॉक्सवर निघाला. १२ टेराफ्लॉपची सिरीज एक्सवालेही तोवर थांबलेच होते.